‘चाकण@१२३’ हा पासवर्ड कुणी लिहिला?

चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळच्या कोंडीत अडकलेल्या शंभर नोकरदारांनी आपापल्या ऑफिसचे पासवर्ड कागदावर लिहिले (लिहू नयेत, पण समजा लिहिले), तर निम्म्याहून अधिकांची ठेवण एकच निघेल, हे मी पैजेवर सांगतो. ओळखीचा एखादा शब्द, त्याचं पहिलं अक्षर मोठं, मागे एखादी खूण, खुणेमागे आकडे. शब्द गावाचा असेल, देवाचा असेल, पोरीच्या नावाचा असेल. शेपूट मात्र सगळ्यांचं सारखं.

पासवर्ड फोडण्याचा अभ्यास करणारे लोक या ठेवणीचे दोन तुकडे करतात. एक शब्दांची यादी. दुसरे नियम, म्हणजे यादीतल्या प्रत्येक शब्दावर करायच्या बारीकसारीक क्रिया: पहिलं अक्षर मोठं कर, शेवटी १ जोड, ‘ए’च्या जागी ‘@’ घाल, शब्द उलटा फिरव, दोनदा लिही. हॅशकॅट नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमबरोबर अशा नियमांच्या फायलीच येतात. कोणत्या नियमानं जास्त पासवर्ड उघडतात याच्या क्रमवाऱ्या लावणं हा या अभ्यासातला लाडका उद्योग, आणि त्यावरून हमरीतुमरीही होते.

तो वाद इथे दोघांच्या तोंडून ऐकू. मामा भोसरी एमआयडीसीतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात आयटी सांभाळतात. माल चाकणच्या गाड्यांच्या कंपन्यांना जातो. भाची एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि नियमांच्या क्रमवारीवर प्रबंध लिहिते आहे. पात्रं मी रचली आहेत. त्यांच्या बोलण्यात येणारी संशोधनं आणि बाहेरच्या घटना रचलेल्या नाहीत.

मामा : आमच्या गेटवर येऊन कुणी म्हणालं की मी पासवर्ड फोडायला शिकतेय, तर सिक्युरिटीवाला आत सोडणार नाही. आणि बरोबरच आहे त्याचं. तुम्ही लोक चोराला किल्ल्या करून देता.

भाची : चोराकडे किल्ल्यांचा जुडगा कधीचाच आहे, मामा. १९७९ साली बेल लॅब्जमधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी ३,२८९ पासवर्ड गोळा करून तपासले. त्यातले ८६ टक्के फारशी मेहनत न घेता सापडतील असे निघाले. कुणाचा एका अक्षराचा, कुणाचा तीन अक्षरांचा, कुणाचा सरळ शब्दकोशातला. त्यांनी ते छापलं म्हणून लोकांना कळलं तरी.

मामा : आणि नऊ वर्षांनी इंटरनेटवर जो वर्म सुटला, तो त्याच मॉरिसच्या पोराचा ना? एवढं मलाही ठाऊक आहे.

भाची : त्याचाच. त्या वर्मच्या पोटात ४३२ शब्दांची यादी होती. पण यादीला हात लावायच्या आधी तो काय करायचा माहितीये? वापरणाऱ्याचं लॉगिन नाव घ्यायचं, तेच पासवर्ड म्हणून टाकायचं, मग दोनदा जोडून टाकायचं, मग उलटं करून. म्हणजे यादीच्या आधी नियम. माझा प्रबंध तिथूनच सुरू होतो.

मामा : बरं, मग निकाल सांग. सगळ्यात भारी नियम कोणता?

भाची : कसोटी कशी घेतात ते आधी ऐक. सर्व्हरवर पासवर्ड जसाच्या तसा ठेवलेला नसतो, त्याचा हॅश ठेवलेला असतो. हॅशवरून मागे पासवर्डकडे येता येत नाही. अंदाज करायचा, त्या अंदाजाचा हॅश काढायचा, जुळतो का बघायचं. आता शब्द घे ‘चाकण’, रोमन लिपीत. एक क्रिया पहिलं अक्षर मोठं करते, दुसरी शेवटी ‘@’ लावते, पुढच्या तीन क्रिया १, २, ३ जोडतात. पाचही एका ओळीत लिहिल्या की तो एक नियम झाला. तो यादीतल्या झाडून सगळ्या शब्दांवर चालतो: पिंपरी, मोरया, शिवराज, काहीही. पासवर्ड उघडला की कोणत्या नियमानं उघडला याची नोंद हॅशकॅटला ठेवायला सांगता येते. शेवटी नोंदी मोजायच्या.

मामा : आणि यादी कुणाची?

भाची : बहुतेकदा रॉकयूची. डिसेंबर २००९ मध्ये सोशल मीडियावरची ॲप्स बनवणाऱ्या त्या कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर पडले. त्यांनी ते उघडेच ठेवले होते, हॅशबिश काही नाही. त्यातले एकमेकांपासून वेगळे काढले तर १ कोटी ४३ लाख होतात. सगळ्यात वर १२३४५६. एकट्या त्याच्यावर २ लाख ९० हजारांपेक्षा जास्त खाती.

मामा : ती मायस्पेस-फेसबुकवर खेळणारी पोरं. बरं, पुढे.

भाची : नियमांच्या फायली वेगवेगळ्या आहेत. ‘बेस्ट६४’ नावाची एक लहान फाइल. नाव चौसष्टचं, आत नियम ७७. ‘डाइव्ह’ नावाची अवाढव्य, ९९ हजारांच्या वर. २०१७ साली नॉटसोसिक्युअर कंपनीतल्या लोकांनी अशा सगळ्या फायली एकमेकींशी लढवल्या, वरचे पंचवीस टक्के नियम उचलले, आणि सुमारे ५२ हजार नियमांची नवी फाइल बांधली, ‘वन रूल टू रूल देम ऑल’. लाइफबोट नावाच्या समूहाच्या फुटलेल्या हॅशवर तिनं अडुसष्ट टक्क्यांच्या आसपास पासवर्ड उघडले. तेव्हा पहिला नंबर तिचा आला.

मामा : लाइफबोट म्हणजे काय?

भाची : माइनक्राफ्ट गेम खेळणाऱ्यांचा समूह.

मामा : म्हणजे अमेरिकेतल्या पोरांचे शब्द घेतले, दुसऱ्या एका गेमवाल्या पोरांच्या पासवर्डांवर घासले, आणि ठरवलं की जगातला सगळ्यात भारी नियम हा. आता तोच तू माझ्या डिस्पॅचच्या पाटलांना लावणार.

मामांनी हे चेष्टेत म्हटलं असलं तरी या सबंध अभ्यासाची दुखरी नस तीच आहे. नियमाला मिळालेले गुण त्या नियमाचे एकट्याचे कधीच नसतात. यादी बदलली की गुण बदलतात. रॉकयूच्या यादीत मागे आकडे लावलेले शब्द आधीपासून ढिगानं आहेत. तिथे ‘काहीच करू नको’ हा नियमच बक्कळ पासवर्ड उघडतो आणि ‘शेवटी १ जोड’ याला उरलंसुरलं मिळतं. तोच नियम स्वच्छ शब्दकोशावर चालवा, तो एकदम वर जातो. क्रमाचंही तसंच. दोन नियम एकच अंदाज तयार करत असतील तर जो आधी चालला त्याच्या खात्यात गुण पडतात आणि दुसरा बिचारा निकामी ठरतो. शिकागो विद्यापीठातल्या मंडळींनी २०१९ मध्ये यावर नेटकं काम केलं आहे: प्रत्यक्ष कोट्यवधी अंदाज न करता, एखादा पासवर्ड कितव्या अंदाजाला सापडेल हे हिशेबानं काढायचं, आणि त्यावरून यादीची व नियमांची मांडणी सुधारायची. नुसती क्रमवारी वाचणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

भाची : तुझं म्हणणं अर्धं मान्य. पण तू एक गोष्ट धरलीच नाहीस, वेळ. तुमच्या डोमेनवर विंडोज आहे, म्हणजे हॅश एनटीएलएम. आरटीएक्स ४०९० हे एकच ग्राफिक्स कार्ड सेकंदाला सुमारे २८८ अब्ज एनटीएलएम अंदाज तपासतं. कीबोर्डवरच्या ९५ चिन्हांतून होणारे आठ अक्षरी पासवर्ड, म्हणजे झाडून सगळे, साडेसहा तासांत संपतात. तिथे ना यादी लागते ना नियम.

मामा : मग तुझा प्रबंध कशाला?

भाची : कारण पासवर्ड बारा अक्षरांचा झाला की सगळे तपासणं संपलं, तिथून पुढे नियमच लागतात. आणि हॅश सावकाश असेल तर अजून कठीण. बीक्रिप्ट हा तसला सावकाश हॅश. त्याच्या अगदी हलक्या चाचणीतही तेच कार्ड सेकंदाला १ लाख ८४ हजारांवर येतं, म्हणजे पंधरा लाख पटींहून जास्त हळू. आता गणित कर. रॉकयूची यादी आणि ‘बेस्ट६४’चे ७७ नियम मिळून ११० कोटी अंदाज होतात. बीक्रिप्टवर एका हॅशला पावणेदोन तासांच्या आत. तीच यादी आणि ‘डाइव्ह’ घेतली तर एनटीएलएमवर कागदोपत्री पाच सेकंद. बीक्रिप्टवर?

मामा : सांग.

भाची : एका हॅशला ८९ दिवस. म्हणून ‘भारी नियम कोणता’ हा प्रश्नच अर्धवट आहे. किती अंदाज परवडतात तेवढ्यात कोणता, असं विचार. शंभर कोटी परवडत असतील तर छोटी फाइल जिंकते, लाख कोटी परवडत असतील तर मोठी.

मामा : हे बोललीस ते पटलं. पण माझ्याकडे ये एकदा. तुला असला पासवर्ड दाखवतो ज्याला ना कार्ड लागतं ना नियम. मोल्डिंगच्या मशीनला टचस्क्रीन आहे, एचएमआय. तिच्या डाव्या कडेला पांढरी इन्सुलेशन टेप लावलीय आणि मार्करनं पासवर्ड लिहिलाय. तेलाच्या बोटांनी टेप पिवळी पडली की नवी चिकटवतात, अक्षर मात्र त्याच लाइन लीडरचं. तिन्ही शिफ्टला एकच लॉगिन. ऑपरेटरच्या हातात ग्लोव्ह्ज, मशीन अलार्म देतंय, आणि तू त्याला म्हणणार की बारा अक्षरी टाइप कर?

भाची : मी असं कधी म्हणाले? ते तुमची पॉलिसी म्हणते.

मामा : पॉलिसी बरोबरच आहे. आठ अक्षरं, एक मोठं, एक आकडा, एक खूण, पंचेचाळीस दिवसांनी बदल. सगळीकडे हेच आहे.

भाची : आणि लोक बदलतात काय?

मामा : (हसून) शेवटचा आकडा. आणि तोही विसरतात. गुरुवारची सुट्टी झाली की शुक्रवारी सकाळी माझा फोन बंद होत नाही. ‘साहेब, अकाउंट लॉक झालं.’ काहींनी महिन्याचं नाव धरलंय. ‘भोसरी@जानेवारी’ आता ‘भोसरी@फेब्रुवारी’ झालं असणार, हे मी न बघता सांगतो.

भाची : बघ, न बघता! हाच तर नियम. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात २०१० मध्ये सात हजार सातशेहून जास्त जुन्या खात्यांवर हे तपासलं. जुना पासवर्ड माहीत असला तर ४१ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड काही सेकंदांत निघाला. आणि १७ टक्के खात्यांत तर पाचच अंदाज पुरले. पाच, मामा. तितके तर लॉक व्हायच्या आधी लॉगिनच्या पडद्यावर हातानं टाकता येतील.

मामा : म्हणजे तू म्हणतेस की मीच...

भाची : तुमच्या पॉलिसीचं कलम घे आणि हॅशकॅटचा नियम घे, शेजारी ठेव. ‘एक मोठं अक्षर असावं’: लोक पहिलंच मोठं करतात. ‘एक खूण असावी’: बोट आपोआप ‘@’वर जातं. ‘एक आकडा असावा’: शेवटी. नियम लिहिणाऱ्यानं वेगळं काही डोकं लढवलं नाही, त्यानं तुमचं परिपत्रक उतरवून घेतलं.

इथे मी भाचीच्या बाजूचा आहे, आणि लपवतही नाही. फोडण्याच्या नियमांची क्रमवारी आपण चोराच्या हुशारीचा आलेख म्हणून वाचतो. खरं तर ती पॉलिसी लिहिणाऱ्यांच्या सवयींची नोंदवही असते. अमेरिकेतल्या एनआयएसटी संस्थेत बिल बर यांनी २००३ साली पासवर्डाबद्दलची जी मार्गदर्शिका लिहिली, तिच्यातून मोठं अक्षर-आकडा-खूण हा पाढा जगभरच्या कंपन्यांत गेला. निवृत्तीनंतर, २०१७ साली, त्यांनी वॉल स्ट्रीट जर्नलला सांगितलं की त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी एनआयएसटीनं उलट सल्ला दिला: अक्षर-खुणांची सक्ती नको, ठरावीक दिवसांनी बदलायला लावू नका, लांबी वाढवू द्या, आणि आधी फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहा. आपल्या पट्ट्यातल्या बऱ्याच नोटीस बोर्डांवर अजून २००३ सालच चालू आहे.

मामा : तू त्या बर साहेबांना घेऊन ये आणि माझ्या कस्टमरच्या ऑडिटरसमोर बसव. त्याच्या चेकलिस्टवर रकाना आहे, ‘पासवर्ड एक्स्पायरी किती दिवस’. ‘नाही’ लिहिलं की लाल शेरा. जर्मन गाडीवाल्यांची ऑर्डर घ्यायची तर टायसॅक्स ही माहिती-सुरक्षेची तपासणी लागते, तिची तयारी वेगळी. ऑडिटरला प्रबंध वाचायला वेळ नसतो बाई.

भाची : टायसॅक्समध्ये पंचेचाळीस दिवस कुठे लिहिलेत ते दाखव.

मामा : ते मी बघतो. पण आता माझा मुद्दा ऐक. तू नियम नियम करतेस, शब्दांचं काय? माझ्याकडे खेड तालुक्यातली पोरं आहेत, बीड-लातूरची आहेत, बिहारची आहेत, ओडिशाची आहेत. तुझ्या रॉकयूत ‘ज्ञानोबा’ किती वेळा येतो? ‘खंडोबा’? ‘जगन्नाथ’? आमच्याकडे मागे जोडायचे आकडेही आमचे. पिंपरी-चिंचवडच्या गाडीवर एमएच १४ असतं, म्हणजे १४. चाकणचा पिन ४१०५०१, भोसरीचा ४११०२६. राज्याभिषेकाचं १६७४. बैलगाड्याच्या नादातला माणूस बैलाचं नाव घालतो, ते तुझ्या कार्डाला जन्मात सुचणार नाही.

भाची : हे मात्र तू प्रबंधात घालण्यासारखं बोललास. चीनमधल्या संशोधकांनी २०१४ साली दहा कोटींहून जास्त चिनी पासवर्ड तपासले. तिकडे अक्षरांपेक्षा आकड्यांचा भरणा जास्त, तारखा, आणि रोमनमध्ये लिहिलेले चिनी शब्द. ते शब्द आणि तारखा हाताशी घेतल्यावर फोडणं ३४ टक्क्यांनी सुधारलं. नियम तेच ठेवून नुसती यादी चिनी केली असती तरी फरक पडलाच असता.

मामा : मग? यादी मोठी की नियम?

भाची : आपल्याकडे अडचण तिसरीच आहे. ‘ज्ञानेश्वर’ रोमनमध्ये कसा लिहिशील?

मामा : डी-एन-वाय-ए...

भाची : आणि तुझा बिहारचा सुपरवायझर जी-वाय-ए लिहील. ‘विठ्ठल’मध्ये कुणी दोन टी घालतो, कुणी एक. ‘लक्ष्मी’ला कुणी एक्स, कुणी के-एस-एच. ‘श्री’ला कुणी दोन ई, कुणी आय. इंग्रजी नियमांना याचा पत्ताच नाही. त्यांना ‘ए’चा ‘@’ करणं ठाऊक, ‘ई’चा ३ करणं ठाऊक. आणि हॅशकॅटच्या बदलाच्या नियमाची मर्यादा आहे: तो एका चिन्हाच्या जागी एकच चिन्ह घालतो. दोन ई काढून एक आय टाक, असं त्याला सरळ सांगता येत नाही. जागा मोजून एक खोड, एक बदल, असली कसरत करावी लागते आणि ती त्या एका शब्दापुरतीच चालते. म्हणून मराठी शब्दांची वेगवेगळी स्पेलिंगं यादीत ठेवायची आणि शेपटं नियमांत. माझ्या मते आपल्या पट्ट्यासाठी कामाची वाटणी अशीच हवी.

मामा : हे तुला तुझ्या ५२ हजार नियमांनी शिकवलं नाही.

भाची : नाही, आजीच्या आधार कार्डावरच्या स्पेलिंगनं शिकवलं.

मामा : आता शेवटचा वार करतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये निगडीला काय झालं आठवतं? पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या २७ सर्व्हरवर रॅन्समवेअर. डेटा कुलूपबंद, बिटकॉइनची मागणी, पोलिसांत तक्रार, पाच कोटींच्या नुकसानीचा आकडा. पेपरात रोज छापून येत होतं. त्यात तुझ्या यादीचा आणि नियमांचा संबंध होता?

भाची : मी तसं म्हणणार नाही. पासवर्ड ओळखून आत शिरले असं कुठे सिद्ध झालेलं नाही.

मामा : मग २०१६ चं मिराय मालवेअर? साठ-बासष्ट तयार जोड्या, ‘ॲडमिन’ला ‘ॲडमिन’ असल्या, आणि जगभरचे कॅमेरे त्याच्या ताब्यात. आपल्या शेडमधले कॅमेरे त्याच प्रकारचे. चोराला तुझं कार्ड परवडत असूनही तो वापरत नाही.

भाची : आणि ब्रिटनमधली केएनपी? ट्रकवाली कंपनी, दीडशे वर्षांपेक्षा जुनी, म्हणजे तुझ्या धंद्याला जवळची. २०२३ मध्ये एका कर्मचाऱ्याचा पासवर्ड ओळखून टोळी आत शिरली असं मानतात. सातशे माणसांच्या नोकऱ्या गेल्या. टेपवरचा पासवर्ड बघायला चोराला भोसरीला यावं लागतं मामा, ओळखायला यावं लागत नाही. आणि एकदा आत आला की तो सगळ्यात आधी हॅशची फाइल उचलतो. तिथून पुढे माझा प्रबंध आहे.

मामा : आणि माझ्यासाठी तिथून सहा तास. सरकारच्या सर्ट-इनचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे, घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायचं. बरं, पुरे झालं. मी उद्या सकाळी कामावर जाऊन काय करू ते सांग.

भाची : नियम उलटे वापर. मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्रा या खाती सांभाळणाऱ्या सेवेत बंदी घातलेल्या शब्दांची आपली स्वतःची यादी टाकता येते. कुणी नवा पासवर्ड ठेवायला गेला की ते आधी त्याचं सोंग उतरवतं: मोठी अक्षरं लहान, ‘@’चा ‘ए’, शून्याचा ‘ओ’. मग यादीतल्या शब्दांशी ताडतं, एखाद्या अक्षराचा फरकही पकडतं. ‘विठ्ठल’ला एक टी कमी असला तरी सापडतो. ‘ज्ञानेश्वर’चे मात्र दोन्ही अवतार टाकावे लागतील, डी-एन-वाय आणि जी-वाय, कारण त्यांच्यात दोन अक्षरांचा फरक आहे.

मामा : लायसन्सचे पैसे?

भाची : लागतात. जास्तीत जास्त हजार शब्द टाकता येतात.

मामा : हजारच? खेड तालुक्यातली गावंच घातली तर किती जागा जातील! त्यात कंपनीचं नाव, कस्टमरची नावं, गाड्यांची मॉडेलं, देव... बरं, म्हणजे ‘चाकण’ यादीत टाकला की ‘चाकण@१२३’ बंद?

भाची : नाही. तिथेच गंमत आहे. ते गुण मोजतं. बंदीचा शब्द सापडला तर त्या अख्ख्या शब्दाला एक गुण, उरलेल्या प्रत्येक चिन्हाला एकेक. पाच झाले की पास. ‘चाकण’चा एक, आणि ‘@’, १, २, ३ यांचे चार.

मामा : पाच. पास! (टेबलावर हात आपटून) म्हणजे ‘चाकण@१२’ नापास आणि ‘चाकण@१२३’ पास! अगं, लोक एक आकडा वाढवतील आणि मोकळे होतील.

भाची : म्हणून तर नियमांची क्रमवारी लागते. तू हजारच्या हजार जागा गावांना आणि देवांना देणार होतास. मी म्हणते, त्यातल्या काही शेपटांना दे. शब्द किमान चार चिन्हांचा लागतो, ‘@१२३’ बरोबर चार भरतं. ते यादीत असलं की पुढे यादीतलं कुठलंही गाव येऊ दे, गुण दोनच. पण ‘@१२३’ला जागा द्यायची की ‘@२०२५’ला की तुझ्या ‘एमएच१४’ला, हे रॉकयूवरून ठरणार नाही. ते तुमच्याच हॅशवर नियम चालवून, कोणतं शेपूट किती जणांचं आहे ते मोजूनच ठरेल.

मामा : म्हणजे फिरून माझ्या हॅशच्या फायलीवर आलीस.

भाची : आलेच.

मामा : ती फाइल बाहेर जाणार नाही. पेन ड्राइव्ह नाही, तुझा लॅपटॉप नाही. आयटी कायद्याचं ६६-सी कलम वाचलंयस ना? दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद. मी एमडींच्या सहीची लेखी परवानगी काढतो. गुरुवारी लाइन बंद असते, तेव्हा ये आणि माझ्यासमोर, माझ्याच मशीनवर चालव. निकालात माणसांची नावं नकोत, उघडलेले पासवर्डही नकोत. नुसता नियम आणि समोर आकडा.

भाची : मला तेवढंच हवंय. मात्र त्या फायलीत तुझ्याही खात्याचा हॅश असणार.

मामा : बुधवारी रात्री बदलून टाकतो.

भाची : बदल की. जुना तेवढा मला सांगून ठेव, पाच अंदाज पुरतील.